भिंतीवरचं तिसरं नाव

अण्णा, सेल्वमचा पुन्हा फोन आला होता. पेंटर येऊन बसलाय, शिडी लावलीय, दोन नावं लिहून झालीत, तिसरं काय लिहायचं ते विचारत होता. मी म्हटलं, शुक्रवारी सकाळी येऊन सांगते. तुझा तेरावा कालच आटोपला. घरात अजून केळीच्या पानांचा आणि धुराचा वास आहे, वहिनी खांबाला टेकून बसलीय, आणि मी फोनवर बास्केटबॉलबद्दल बोलतेय. तुला आवडलं असतं. पण मला राग आलाय तुझा. भांडण असं अर्ध्यात टाकून कोणी उठून जातं का?

सुरुवात तूच केली होतीस. कोर्टाची मागची भिंत रंगवायची ठरली तेव्हा समितीच्या बैठकीत तू उठून म्हणालास, सिमेंटच्या जाहिराती पुरे झाल्या, आपल्या तंजावरच्या या कोर्टावर खेळून गेलेल्या कॉलेजांपैकी आजवरचे सर्वांत थोर तीन संघ कोणते, ते लिहा. सेल्वम तुझ्याच हाताखाली शाळेत खेळ शिकलेला, आता समितीचा सेक्रेटरी. तो म्हणाला, मग तुम्हीच सांगा सर. आणि तू म्हणालास, "मी एकटा कसा सांगू? माझ्या बहिणीला विचारावं लागेल. ती माझ्याहून चांगली खेळायची." हे तू मला कधी तोंडावर बोलला नाहीस हं. सेल्वमकडून कळलं, तेही तू गेल्यावर.

मग काय, रोज संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैवर, उभा दावा. वहिनीनं कॉफी आणून ठेवली की ती प्यायच्या आधी तुझी मांडणी सुरू. डबरे, पेल्यांखालच्या त्या वाट्या, म्हणजे बचाव, आणि पेले म्हणजे हल्ला. चेन्नईचं ते जुनं कॉलेज पहिलं, यावर आपलं फारसं भांडण झालं नाही. उंचच उंच पोरं, रिंगखाली हात वर करून उभी राहिली की सूर्य दिसायचा नाही. दुसरं कोइमतूरचं. त्यांनी या कोर्टावर पळणं आणलं. त्याआधी आपल्याकडचे संघ चेंडू घेऊन लग्नाच्या वरातीसारखे चालत यायचे. तरी तू म्हणालास, "पण सुलू, त्या काळी तीन गुणांची रेघच नव्हती गे. लांबून टाका की जवळून टाका, दोनच. त्यांना आजच्या पोरांच्या शेजारी उभं कसं करायचं?" मी म्हटलं, तसं बघायला गेलं तर आपले आजोबा आणि आजची मुलं यांचीही तुलना नको. तू म्हणालास, नकोच. कॉफी गार झाली आणि वहिनी पेले उचलून घेऊन गेली. तुझा अख्खा हल्ला एका हातात नेला तिनं.

ते दिवस फार चांगले गेले, अण्णा. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण तेव्हा मला फक्त जिंकायचं होतं.

तिसऱ्या नावावर गाडं अडलं. माझं म्हणणं सरळ होतं. तिरुचीचं आमचं मुलींचं कॉलेज. दर उन्हाळ्यात या कोर्टावर यायचं आणि कप घेऊन जायचं. मी स्वतः त्या संघात होते म्हणून नाही सांगत. बरं, म्हणूनही सांगते! गुडघे फुटले ते माझे फुटले. आमच्या वेळी अर्धी गॅलरी खेळ बघायला यायची आणि अर्धी आमचे कपडे बघून नाकं मुरडायला, आणि शेवटी दोन्ही अर्ध्या उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. याहून थोर काय असतं? तू डोळे बारीक करून म्हणायचास, "जिंकलात गे, कोण नाही म्हणतंय? पण हरवलं कोणाला?" तेव्हा मी आत निघून जायचे.

आणि तुझं नाव कोणतं? साताऱ्याकडचं एक कॉलेज. म्हणजे महाराष्ट्रातून एकदाच, एकाच उन्हाळ्यात आलेला संघ. उपांत्य सामन्यात तुमच्या कॉलेजाला हरवलं आणि अंतिम सामन्यात सपाटून हरून रेल्वेनं परत गेला. पुन्हा कधी आला नाही. तो थोर?

मला तेव्हापासून एकच गोष्ट खुपत होती. माणूस आपल्या कॉलेजासाठी भांडतो. तुमचा संघ काही लहान नव्हता. तू, पांडूराव आणि आणखी एक जण, तिघं आपल्यातले, तंजावरकडचे मराठी, बाकीची तमिळ पोरं, आणि तुम्ही तिरुवैयारुपासून मदुराईपर्यंत कोणाला ऐकत नव्हतात. तो एक उपांत्य सामना जिंकला असता तर आज भिंतीवर तुमचंच नाव असतं, चेन्नईवाल्यांच्याही वर. तू त्यांच्यासाठी एक शब्द बोलला नाहीस. ज्यांनी हरवलं त्यांची बाजू घेऊन बसलास. मी खोदून खोदून विचारलं, काय होतं त्या सातारवाल्यांत? उंची? नाही. नेम? बराच. वेग? असाच आपला. मग? तू पेला फिरवत म्हणायचास, "ऐकायला पाहिजे होतीस, सुलू."

पाहायला नव्हे, ऐकायला. त्या उन्हाळ्यात मी परीक्षेसाठी तिरुचीच्या हॉस्टेलवर होते, सामना पाहिला नव्हता हे खरंच. पण बास्केटबॉल काय रेडिओवरचं गाणं आहे ऐकायला? मला वाटायचं, म्हातारपणी तुझे शब्द इकडचे तिकडे होतायत. तू मात्र दर वेळी तेच म्हणायचास.

मग तू गेलास. सकाळी पाणी तापलंय का विचारलंस आणि गेलास. सांत्वनाला येणारा प्रत्येक जण हळूच म्हणायला लागला, आता त्यांच्या मनासारखं होऊ दे, सातारचं नाव घाला, आत्म्याला शांती मिळेल. मी म्हटलं, का म्हणून? गेला म्हणून त्याचं म्हणणं खरं होतं का? तू जिवंत असताना मी तुला कधी फुकट एक गुण दिला नाही, आता कसा देऊ? तुलाच चाललं नसतं ते. शिवाय शांत माणूस तू कधी नव्हतासच.

पण काल पांडूराव आले. तिरुवैयारुहून बसनं, उन्हातून, काठी टेकत. जेवण झाल्यावर तिण्णैवर तुझ्या जागी बसायला लागले आणि मग जरा बाजूला सरकून बसले. मी त्यांना कॉफी दिली आणि नको तेव्हा नको तेच विचारलं. म्हटलं, "पांडूराव, तुम्ही होतात त्या सामन्यात. सातारवाल्यांत असं काय होतं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुला ठाऊक नाही? सांगितलं नाही त्यानं?"

"ऐकायला पाहिजे होतीस, एवढंच सांगितलं."

"अय्यो," म्हणाले, आणि पेला खाली ठेवला.

आपली कोर्टावरची भाषा तुला आठवत असेलच, पण मला ती पुन्हा सांगू दे. परसात नारळाच्या झाडाला तळ नसलेली टोपली बांधून आपण दोघं खेळायचो. आत आई पंगत वाढत असायची. तिथूनच सगळे शब्द उचलले. चेंडू दे म्हणजे 'वाढ'. टोपलीत टाक म्हणजे 'घास'. खोटं दाखवून वळ म्हणजे 'नको नको'. पाहुणा नको नको म्हणतो आणि पान पुढे करतो, तसं. पुढे कॉलेजात तू हेच शब्द संघाला शिकवलेस. तमिळ पोरांनीही तेवढे पाठ केले. समोरच्या संघाला काही कळायचं नाही, रेफरीलाही नाही. घरात आपण मराठी वापरायचो ती भाजीवालीच्या समोर भाव ठरवायला, नाहीतर पाहुण्यांसमोर साखर संपलीय हे सांगायला. बाहेरच्याला कळू नये म्हणूनच ती होती. तुम्ही तिच्यावर सामने जिंकत होता.

पांडूराव म्हणाले, "सरावालाच कळलं. त्यांचा एक उंच पोरगा चेंडू मागताना ओरडला, 'आरं, इकडं दे की!' आम्ही तिघं पुतळ्यासारखे उभे. आमच्या घरातली भाषा ह्याच्या तोंडात आली कोठून? म्हणजे बघ सुलू, साताऱ्याला मराठी बोलतात हे ठाऊक होतं. आपले सगळे पूर्वज तिकडूनच आले की. पण ते इथे येतील, चड्ड्या घालून उभे राहतील, आणि मराठीतच खेळतील, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. आठवडाभर तयारी केली, त्यांची उंची विचारली, त्यांचा नेम विचारला. हेच तेवढं राहिलं."

मला हसू आलं. तेराव्याच्या दिवशी, तुझ्या फोटोसमोर, मी पदर तोंडात धरून हसले. वहिनीही हसली. कितीतरी दिवसांनी.

"मग मी माधवाला बाजूला घेतलं," पांडूराव तुझ्या फोटोकडे बोट करून म्हणाले. "म्हटलं, आज सगळं तमिळमधून. तो 'सरि' म्हणाला. सामना सुरू झाला. पहिलाच चेंडू हातात आला आणि हा ओरडला, 'पांडूला वाढ!' मी कपाळावर हात मारला. त्यांची पाचही पोरं गर्रकन वळली. आणि त्यांच्यातला एक जण पळता पळता हसत म्हणाला, 'ओ पाव्हणं, आम्हाला बी वाढा की जरा!' गॅलरीला काही कळलं नाही. माधव मात्र हसला. उपांत्य सामन्यात, सुलू, भर कोर्टात, हा उभा राहून हसला."

"सवयीनं निघालं असेल तोंडातून," मी म्हटलं.

"पहिल्यांदा सवयीनं. मलाही तसंच वाटलं. पण मग पुन्हा. मग पुन्हा. मध्यंतरात कोच आमच्यावर ओरडतोय, ही पोरं तुमच्या मनातलं वाचतायत का म्हणून. मी माधवाकडे बघतोय. तो खाली बघतोय. दुसऱ्या अर्ध्यात तर त्यानं गप्पाच सुरू केल्या. 'घास' म्हणायचा आणि तो उंच पोरगा म्हणायचा, 'घशात अडकंल!' आणि अडकवायचा. माधव शब्द शोधून शोधून काढत होता. तुमच्या आईच्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं ठेवलं नाही. हरलो. हरणारच."

पांडूराव दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते म्हणे. मला हेही माहीत नव्हतं. मला वाटायचं तुमची जोडी कधी तुटलीच नाही. दिवाळीला ते फराळ घेऊन आले आणि तुला विचारलं, का केलंस? आणि तू काय म्हणालास ते त्यांनी मला तुझ्याच आवाजात सांगितलं. "पांडू, मी बोललो आणि ते वळले रे. आपल्या घराबाहेर आजपर्यंत कोणी वळलं होतं?"

पांडूरावांनी गार कॉफी पिऊन टाकली.

रात्रभर नव्हे, पण आज सकाळपासून मी याच विचारात आहे. मला आठवतंय, लग्नानंतर मी पुण्याला असताना तू एकदा राहायला आला होतास. मी तुला मंडईत पाठवायचे आणि तू दोन तास लावून रिकाम्या पिशवीनं परत यायचास. मी चिडायचे. भाजी कुठाय? तू म्हणायचास, "विसरलो गे. त्या गवारवाल्या बाईंशी बोलत होतो. त्या म्हणाल्या, तुमची मराठी कुठली हो, जुन्या पोथीतल्यासारखी?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन तयार. मला वाटलं, बिनकामाचा माणूस, वेळ जात नाही. इथे परत यायच्या आधी मी तिथं अर्धी हयात काढली. रिक्षावाला, बँकेतला शिपाई, शेजारची मुलं, सगळे वळायचे. त्यात काही विशेष आहे असं मला एकदाही वाटलं नाही. वळणारच ना? हाक मारली की माणूस वळतो.

पण तरीही, अण्णा, मला हे पटत नाही. शांतपणे ऐक. त्या पोरांनी केलं काय? त्यांना भाषा येत होती, एवढंच. त्यात त्यांचा काय पराक्रम? या हिशेबानं पुण्याची अख्खी मंडई थोर संघ ठरेल, आणि ती गवारवाली बाई कर्णधार. तू त्यांना मोठेपणा दिलास तो तुझ्या कानांना बरं वाटलं म्हणून. आमच्या मुली तापलेल्या सिमेंटवर जिंकल्या त्या कोणाच्या कानांसाठी नाही. थोर संघ कोण, हा प्रश्न आहे. तुला कोण आवडलं, हा नाही.

आता तू म्हणशील, मला दिसतंय तुझं ते डोकं हलवणं, की थोर म्हणजे काय ते आधी सांग. ज्याच्यासमोर खेळताना समोरच्याला हरायची भीती उरत नाही तो थोर, असं काहीतरी म्हणशील. मग मी म्हणेन, ही व्याख्या आत्ता काढलीस. तू म्हणशील, मग तुझी व्याख्या कधीची? आणि वहिनी पेले उचलून नेईल. मी हे पुढचं सगळं एकटीच बोलत बसलेय, दोन्ही बाजूंनी. तुझी बाजू मला नीट जमत नाही. तू माझ्याहून वाकडं बोलायचास.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज शुक्रवार, सकाळी मी कोर्टावर गेले ते आमच्या कॉलेजाचं नाव सांगायचं ठरवूनच. पांढरी भिंत, वर दोन नावं तमिळमधून, ठळक निळ्या रंगात, खाली मोकळी जागा. पेंटर शिडीच्या पायरीवर बसून इडली खात होता. सेल्वमनं माझ्यासाठी खुर्ची आणली. कोर्टावर कुठल्याशा कॉलेजच्या मुली सराव करत होत्या. काय खेळत होत्या, अण्णा! चेंडू जमिनीला लागतोय की नाही कळत नव्हतं. मी सेल्वमचं बोलणं सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. एका मुलीकडे चेंडू होता, दोघींनी तिला घेरलं होतं, आणि रिंगखाली डाव्या बाजूला तिची मैत्रीण एकटी मोकळी उभी. हिला ती दिसतच नव्हती. आणि तोंडातून निघून गेलं, मोठ्यानं, खुर्चीतून उठून, "वाढ! अगे तिला वाढ!"

कोणी वळलं नाही.

वळायचं कारणच नव्हतं. त्या पोरींना कावळा ओरडला काय आणि मी ओरडले काय. मुलीनं स्वतःच चेंडू टाकला, तो रिंगला लागून बाहेर गेला आणि खेळ पुढे सरकला. सेल्वमनं विचारलं, "काय अक्का, काही पाहिजे?" मी म्हटलं, काही नाही. खाली बसले. आधी मला हसू आलं आणि मग डोळे भरून आले ते थांबेनात. या कोर्टावर या शब्दाला वळणारा एकच माणूस उरला होता आणि त्याचा तेरावा आम्ही परवा घातला. पांडूराव आहेत, पण त्यांना आता लांबचं ऐकू येत नाही. तुझा मुलगा किट्टू मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर देतो, त्याच्या मुलांना तेवढंही नाही. हे मला कालपर्यंत माहीत होतं. आज कळलं.

पेंटरनं हात धुतले आणि ब्रश घेऊन विचारलं, "काय लिहू, अम्मा?"

मी साताऱ्याचं नाव सांगितलं.

सेल्वम गोंधळला. त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. "हे कोण, अक्का? कधी आले होते? कप कुठला घेतला?" पेंटरचाही हात वरच थांबला. आता या दोघांना मी काय सांगणार होते? पंगत, नारळाचं झाड, आई, गवारवाली बाई? मी तोंड उघडलं आणि तुझंच वाक्य बाहेर आलं, तमिळमधून. "ऐकायला पाहिजे होतास, सेल्वम." त्यानं मान डोलावली. त्याला वाटलं, म्हातारीचे शब्द इकडचे तिकडे होतायत.

म्हणून भिंतीवर तू म्हणायचास तेच नाव लागलंय. पण मी हरले असं समजू नकोस. थोर संघ आमचाच, हे मी अजून म्हणते आणि म्हणत राहणार, आणि तू जी व्याख्या काढणार होतास तिच्यावर माझ्याकडे उत्तर तयार आहे. ते इथे लिहीत नाही, समोरासमोर सांगायचंय. आणि मी तुझ्याहून चांगली खेळायचे हे तू जगाला सांगत फिरलास आणि मला नाही, त्याचा वेगळा हिशेब आहे.

तुला ही देवनागरी लिपी कधी वाचता आली नाही. मी हिंदीच्या परीक्षा दिल्या आणि तू चेंडू घेऊन पळालास. म्हणून मी हे सगळं तिण्णैवर बसून मोठ्यानं वाचतेय, तुझ्या जागेकडे तोंड करून. रस्त्यानं जाणारे बघतायत, त्यांना एक अक्षर कळत नाहीये. वहिनी दारात येऊन उभी राहिलीय. तिनं दोन पेले आणलेत, सवयीनं.

माझं बोलून झालं, अण्णा. आता तू बोल.